यादीबाहेरचा फोन

“त्या दिवशी असा फोन आल्याची आमच्याकडे नोंदच नाही,” आरोग्य खातं सांभाळणाऱ्या बाई काचेपलीकडून डचमध्ये म्हणाल्या.

हर्षाने ते मराठीत सांगितलं.

कमलमावशींनी मास्क वर केला. “तिला सांग, मी शेजारीच बसले होते. राकेश दीड तास कोरोनाच्या हेल्पलाइनवर होता. शेवटी कुणीतरी बोललं. संध्याकाळपर्यंत आम्हीच फोन करतो, म्हणाले.”

तो फोन आला नाही. ‘थांबायला सांगितलंय आई,’ असं म्हणत राकेश दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी अँब्युलन्सने नेलं, ते परत आणलंच नाही.

शोकसभेचा मेसेज वाचून हर्षा आल्मेरेहून ट्रेनने आली होती. ओळखपाळख काही नव्हती. “डच कागदपत्रं असतील तर मी बघते,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून आठ महिने पत्रं, अर्ज, खुलासे सगळं तीच बघत होती. मध्ये तिने नोकरी सोडली. कुठली, ते मावशींनी विचारलं नाही. जेवून जा म्हटलं, तर ती कधी थांबायची नाही.

आज नगरपालिकेच्या सभेत त्यांना पाच मिनिटं मिळाली होती.

“सरकारने हेल्पलाइनसाठी दिलेला निधी पूर्ण वापरला,” बाई पुढे म्हणाल्या. “लोकांना उलट करायचे बाकी फोन रोज दोनशेच्या आत होते. अहवाल उत्तम आहे.”

हर्षाने या वेळी भाषांतर केलं नाही. ती सरळ डचमध्ये बोलू लागली. पैसे आले, पण माणसं निम्मीच नेमली. दोनशे नावं झाली की यादी बंद व्हायची. पुढच्यांना ‘फोन करतो’ म्हणायचं, नाव मात्र लिहायचं नाही. आकडा वाढला असता तर मंत्रालयाला जाब द्यावा लागला असता.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?” बाईंनी विचारलं.

हर्षाने एका वाक्यात उत्तर दिलं. टिपणं घेणारा माणूस थांबला. सभागृहातले सगळे तिच्याकडे बघू लागले.

“काय विचारलं गं तिने?” मावशींनी तिचा हात धरला. “तू काय म्हणालीस?”

हर्षाने हात सोडवून घेतला नाही.

“मावशी, राकेशचा फोन मीच घेतला होता.”