कापसावरचा हरभरा

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी दुसरीच्या पोरांना प्रयोग दिला होता. वाटीत ओल्या कापसावर हरभरा ठेवायचा आणि कोंब फुटला की वर्गात आणून दाखवायचा. कापसाचं नाव ऐकताच पुंजाजींची छाती फुगली. जळगाव जामोदच्या त्यांच्या घरात एक आख्खी खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. नात ओवीच्या वाटीत त्यांनी स्वतःच्या हाताने मूठभर कापूस घातला. आठ-दहा दिवसांत हरभरा कुजून गेला, पण कापसातल्या सरकीला दोन हिरवीगार पानं फुटली. ओवी नाचत नाचत वाटी घेऊन गेली आणि वहीवर भोपळा घेऊन रडत आली.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी धुतलेलं धोतर नेसून शाळेत हजर. "काऊन हो सिस्टर, पोरीले भोपळा काऊन देल्ला? उगवलं तं हाये!"

सिस्टरांनी पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि गोड आवाजात समजावलं, "आजोबा, कापूस उगवत नसतो. तो मेडिकलमधून आणायचा असतो."

पुंजाजींनी चित्र नीट पाहिलं, मान डोलावली.

"बरोबर हाये तुमचं. आम्ही शाळेत नाही गेलो, म्हणून पन्नास वर्सं पेरत बसलो."