माहेरच्या पाटल्या

“कानस लावू द्या, ताई. आतलं पाह्यल्याशिवाय भाव सांगता येत नाही.”

शकुनने पाटल्या काउंटरवरून ओढून घेतल्या. अमरावतीतलं हे तिसरं दुकान आणि तिसऱ्यांदा तीच कानस. आधी कानस घासायची, पडलेला सोन्याचा भुगा गुपचूप रुमालात झेलायचा आणि वरून भाव पाडायचा, हे धंदे तिला चांगले ठाऊक होते. शिवाय माहेरच्या सोन्याला कानस लावू देऊ नये, भावाचं आयुष्य झिजतं, असं आई सांगून गेली होती.

“माह्या दादानं लग्नात घातल्या ह्या. कानस नाही लागनार. तुमची मशीन काय म्हनते ते सांगा.”

“मशीन बावीस कॅरेट म्हनते. पन मशीन पाह्यते वरवरचं. एवढ्या जाड पाटल्या हाताले एवढ्या हलक्या लागत नाही, ताई.” बोलता बोलता सराफाने तिच्या मागे उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. “आत तांबं असन.”

देवीदास वर पंख्याकडे बघत होता. पंखा गरगर फिरत होता, तरी त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

“चाल शकू,” तो म्हणाला. “सारे चोट्टे हायेत.”

रस्त्यावर येताच शकुनच्या तोंडाचा पट्टा सुटला. सराफ सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही, असं ती राजापेठेपर्यंत सांगत आली. देवीदास मोटारसायकल चालवत राहिला. कान सोनारानेच टोचावे म्हणतात. इथे तिघांनी टोचून पाहिले, पण माहेराचा विषय निघाला की शकुनचे कान फार जाड होत.

पाटल्यांचा तिला अभिमानच तसा होता. तिच्या लग्नाच्या वर्षी गारपिटीने भातकुलीच्या मळ्यातली शेवंती पार झोपली होती, तरी दादाने शब्द पाळला, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. दर दिवाळीला माहेरी गेली की मनगट पुढे करून वहिनीला चिडवायची, “वहिनी, तुमच्या मायबापानं एकदाणी देल्ली, पन मन्यात सारी लाख भरेल. माह्या दादानं पाहा कसं भरीव देल्लं!” मंजुषा वहिनी गळ्यातल्या मण्यांवरून हात फिरवत हसायची. देवीदासला नेमकं तेव्हाच मळ्यात पाणी सोडायचं आठवायचं.

आता त्या पाटल्यांवर लेकीचं सगळं अडून होतं. आकांक्षाचा नर्सिंगला नंबर लागला होता. परवा संध्याकाळपर्यंत फी भरली नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. 

“परवा अकोल्याले जाऊ,” तिला घराशी सोडताना देवीदास म्हणाला. “तिथचा एक सराफ माह्या ओयखीचा हाय.”

“परवा? परवा शेवटची तारीख हाय, दादा! उद्या काहून नाही?”

“उद्या झेंडू तोडाचा हाय.”

दुसरा दिवस तिने कसाबसा काढला. भाजी करपली. आकांक्षा दोनदा विचारून गेली आणि दोनदा ओरडा खाऊन गेली. दादाला फोन लावावा, तर तो दिवसभर बंद. बहिणीचा जीव टांगणीला आणि याला झेंडू सुचतो, म्हणून तिला दादाचा पहिल्यांदाच राग आला.

अकोल्याचं दुकान लहानसं होतं. म्हातारा सराफ गादीवर बसला होता. त्याने पाटल्या काट्यावर ठेवल्या न ठेवल्यासारख्या केल्या. ना कानस मागितली, ना मशीन लावली. चष्मा सारखा करत म्हणाला, “लाखेचं वजन वजा जाऊन...”

“लाख?” शकुन उसळली. “भरीव पाटल्यात लाख कुठून आली?”

सराफ गडबडला. त्याने देवीदासकडे पाहिलं.

“घट म्हनाचं हाय त्याईले,” देवीदास घाईने म्हणाला. “घेऊन टाक शकू, बस चुकन.”

एरवी तिने तिथे ठाण मांडलं असतं. पण हाती आलेल्या रकमेत फी भागत होती. तिने सराफाला वाकून नमस्कार केला. “काका, दुनियेत एक तरी इमानदार सराफ हाय म्हना!” म्हाताऱ्याने मान खाली घातली.

फी वेळेत भरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शकुन पेढे घेऊन भातकुलीला पोचली. देवीदास मळ्यात होता. मंजुषा ओसरीवर झेंडूचे हार ओवत बसली होती. गार वारं नव्हतं, तरी तिने पदर गळ्याभोवती घट्ट लपेटला होता. शकुनचं आपलं सुरूच होतं. अमरावतीचे ते लुटारू आणि अकोल्याचा तो देवमाणूस.

“मी सांगतो वहिनी, कधी वेळ आली तं तुमची एकदाणीबी तिथंच इका. लाखेची असली तरी थो फसोनार नाही.”

मंजुषाची सुई थांबली. तिने पदर सैल केला. गळ्यात नुसती काळी पोत होती.

“तिथंच इकली, ताई. परवा. लाखेचं वजन कापून जेवढे आले, तेवढेच काल त्यानं तुमच्या हाती ठेवले.”