सबब
आवक-जावक टेबलावरच्या बाई हसल्या, की अख्खं ऑफिस खुलायचं. पाठदुखीने कावलेली टायपिस्टसुद्धा. हेडक्लार्कांच्या मसुद्यात मात्र तेवढ्यात काना-मात्रा चुकायच्या. म्हणून त्यांनी गुपचूप निनावी अर्ज केला: “हसण्याने कामात व्यत्यय येतो, सबब बाईंची बदली व्हावी.” बाई तळघरातल्या दप्तरखान्यात गेल्या. वर पंख्याची कुरकुर तेवढी उरली. मसुद्यात चुका तरीही होतच राहिल्या. आठवड्याभराने बाई अर्जाची प्रत घेऊन हेडक्लार्कांसमोर उभ्या. “भाऊसाहेब, साहेबांनी खुलासा मागितलाय. पटला तर वर घेतील. लिहून द्या ना!” “मीच कशाला?” “अहो, अर्जवाल्याने चार ओळींत तीनदा ‘सबब’ लिहिलंय. तोडीस तोड ‘सबब’ तुमच्याशिवाय इथे लिहितं कोण?” आणि त्या हसल्या. टायपिस्ट हसली, शिपाई हसला. हेडक्लार्कांनी मान खाली घालून लिहिलं, ‘अर्ज मीच केला होता.’ तीस वर्षांत प्रथमच सबब सुचेना.