डावखुरा सेट

"डावखुऱ्यांसाठी गोल्फचा सेट दाखवता का?" शर्मिष्ठाने विचारलं. काउंटरवरच्या विक्रेत्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि तिच्या नवऱ्याला म्हणाला, "सर, बरीच वर्षं खेळताय?"

"मी नाही, ही खेळते," श्रीरंग म्हणाला.

"अच्छा, मॅडमसाठी. मग हा हलका घ्या सर, गुलाबी बॅग फ्री आहे." सेट उजव्या हाताचा होता.

शर्मिष्ठाने पुन्हा सांगितलं, की ती डावखुरी आहे, नियमित खेळते आणि आजवर एका मैत्रिणीच्या जुन्या स्टिक्सवर भागवत आली आहे. विक्रेत्याने मान डोलावली आणि परत श्रीरंगकडेच वळला. "सर, मॅडमना उजव्या हाताने जमणार नाही का? डावखुरा सेट मागवावा लागेल."

आता तरी श्रीरंग त्याला तिच्याशी बोलायला सांगेल, असं तिला वाटलं. पण तो हसत म्हणाला, "जमेल की. शाळेत पट्टीने मारून मारून उजव्या हाताने लिहायला शिकवलंच होतं हिला."

दोघं हसले. विक्रेत्यावरचा तिचा राग तिथेच ओसरला, कारण तो परका होता. शाळेतल्या त्या माराबद्दल मात्र तिने आयुष्यात फक्त श्रीरंगला सांगितलं होतं, तेही रडत.

"गाडीची किल्ली दे," ती म्हणाली.

"का गं? दुसऱ्या दुकानात जाऊ या का?"

"मी जातेय. तू रिक्षाने घरी जा."