यव्हेटची वाट

तुरुंगाच्या दवाखान्यात लूशन बटीस्टची शुश्रूषा क्लेव्हनकडे होती. तो स्वतःही जन्मठेपेचाच कैदी. एके काळी लूशन चेंडू घेऊन सुटला की अख्खं लुईझियाना टीव्हीसमोर उठून उभं राहायचं. अमेरिकन फुटबॉलमधल्या धडकांनी त्याचा मेंदू पार खिळखिळा करून टाकला होता. आपण कुठे आहोत, हेही आता त्याला कळत नसे.

रविवारी मात्र तो हट्टाने दाढी करून घ्यायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. बाकीच्यांची माणसं भेटून निघून जायची. लूशनसमोरची खुर्ची रिकामीच राहायची.

"क्लेव्हन, यव्हेट आली का रे?"

"येतील वहिनी. पुलावर गाड्या तुंबल्यात म्हणे."

"आज तिच्यावर ओरडणार नाही बघ मी. एक शब्द बोलणार नाही."

"शहाणा आहेस. तोवर गम्बो-भात खा, गार होतोय."

नव्या पहारेकऱ्याला ते बघवेना. त्याने क्लेव्हनला बाजूला घेतलं.

"काय दगडाच्या काळजाची बायको आहे! नंबर दे, मीच फोन करतो तिला."

"नको साहेब. मी एकदा त्याला खरं काय ते सांगून पाहिलं. ऊर फुटेस्तोवर रडला बिचारा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा दाढी करून तयार."

"खरं म्हणजे काय?"



"तिचा खून करूनच तो इथे आलाय, साहेब."