आठशे चौरस मीटर

"पाचशे बारा!"

चारही गटांची बेरीज करून पाचवी ब एका सुरात ओरडली. तासभर मुलांनी पाइपच्या मीटरभर चौकटी उलटवत उलटवत सगळं मैदान पालथं घातलं होतं. एक पलटी, एक चौरस मीटर. सोनालीबाईंचा हा खेळ उद्या तपासणीच्या साहेबांना दाखवायचा होता. आज रंगीत तालीम.

३२ × १६ = ५१२.

संस्थेचे सचिव तात्याराव खुर्चीतून उठले.

"बाई, मान्यतेच्या कागदावर आठशे आहे."

"सर, पूर्वी होतं. मग कॅन्टीन आलं, पार्किंग आलं..."

"इतिहास नको. आपण गणित शिकवता ना? उद्या आठशे आलं, तर कायम झाल्याची ऑर्डर परवा हातात. पाचशे बारा आलं, तर दुसरी शाळा बघा. सदाशिव पेठेत शाळांना काय तोटा?"

चार वर्षं कंत्राटावर काढलेली सोनाली मैदानाकडे बघत राहिली. ते काही वाढेना.

निकिताने हात वर केला.

"मॅडम, चौकट लहान केली तर?"

तिने मातीत बोटाने आकडे मांडले. "प्रत्येक बाजू वीस सेंटिमीटर कापायची. बरोब्बर बसतंय."

४० × २० = ८००.

ना अर्धा तुकडा, ना उरलेली पट्टी. सोनालीला आधी पोरीचा अभिमान वाटला. मग तिने घाईघाईने पायाने आकडे पुसले.

"हिला स्कॉलरशिपला बसवा," तात्याराव म्हणाले. करवत त्यांनी स्वतः आणून दिली.

कापलं सोनालीने.

दुसऱ्या दिवशी "आठशे!" इतकं खणखणीत आलं की गल्लीतल्या स्कूटरवाल्यांनी माना वळवल्या. साहेब खूश. शेरा: उत्कृष्ट. मग त्यांनी एक चौकट उचलली. उलटसुलट करून पाहिली. सोनाली एक पाऊल पुढे सरकली. तात्यारावांनी झटकन खिशातून पाकीट काढून तिच्या हातात कोंबलं. ऑर्डर, एक दिवस आधीच.

साहेबांनी चौकट गाडीच्या डिकीत ठेवली.

"शहरातल्या सगळ्या शाळांना अशाच करून देऊ. नमुना म्हणून ही नेतो. आणि मॅडम, देखरेख तुमची. माप सेंटिमीटरभरसुद्धा इकडचं तिकडे होता कामा नये."

सोनालीने पाकीट पर्समध्ये टाकलं. चेन लावली.

"नाही होणार, सर."