पिवळी पूड

थोरली जाऊ कुंपणाआड दबा धरून बसली होती. नुकतं उजाडत होतं, आणि समोर तिच्याच भोपळ्याच्या वेलांत धाकटी वाकून फिरत होती.

म्हणजे संशय खराच होता तर! महिनाभर बोटाएवढी फळं पिवळी पडून गळत होती. खत घालून झालं, औषध मारून झालं, कशालाच दाद नाही. वेल तरारलेले, फुलं ही एवढाली, पण फळ धरेल तर शपथ. बाजारात न्यायला एक भोपळा नव्हता, हंगाम हातचा चालला होता. वाटणी झाल्यापासून धाकटीच्या पोटात दुखत होतंच, आता तिचे हातही चालायला लागले!

धाकटीनं एका फुलात काहीतरी फिरवलं आणि तेच दुसऱ्या फुलात घातलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं जाऊन मनगटच धरलं.

"काय घालतेस गं माझ्या फुलांत? विष?"

धाकटी केवढी दचकली. तिच्या हातात लेकीचा चित्रकलेचा ब्रश होता. टोकाला पिवळी पूड.

"पराग आहे, ताई. नराच्या फुलातला मादीच्या फुलात घालतेय. त्याशिवाय फळ धरत नाही."

"इतकी वर्षं बरं धरत होतं!"

"तेव्हा माश्या होत्या. वळचणीचं पोळं तुम्हीच जाळायला लावलंत."

एक माशी चावली, एवढंच निमित्त. धाकटी नको नको म्हणाली, म्हणून तर थोरली हट्टाला पेटली होती. तिला चरकल्यासारखं झालं. मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

"मग चोरासारखी का आलीस?"

"सांगून आले असते तर येऊ दिलं असतंत?"

थोरलीची पकड जराशी ढिली झाली.

"माझ्याकडेही गळतायत. शेजारच्यांच्या काकड्या वाकड्या निघतायत. चुली आपल्या वेगळ्या झाल्या, ताई. पोळं सगळ्यांचं एकच होतं." धाकटीनं हाताला हिसका दिला. "सोडा आता. ऊन चढलं की फुलं मिटतात, ती परत उघडत नाहीत."

थोरलीनं हात सोडला. मळाभर नजर फिरवली. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नुसतं पिवळं.

"हे सगळं एकेक करून?"

"त्या करायच्या. कुणाला पत्ताही नसायचा."

थोरली खाली बसली. करंगळी पुढे करत हळूच म्हणाली, "मादी कुठली यातली?"

"देठाशी गोळी आहे ती."

ती वाकली तेव्हा मळ्याच्या पलीकडच्या टोकाला ऊन पोचलं होतं. तिथलं पहिलं फूल मिटत होतं.